वीज आणि चुंबकत्वावरील आरंभीच्या शोधनिबंधांच्या पहिल्या छापील प्रती : काय जमवावे आणि कसे पारखावे?

धागाकर्ता : चौपत्री

वीज आणि चुंबकत्वावरील मूळ शोधनिबंध पहिल्या छपाईत जमवणारे, निदान त्या वाटेने जाऊ पाहणारे काही जण या संस्थळावर आहेत, हे वेगवेगळ्या धाग्यांवरील प्रतिसादांतून लक्षात आले. ती चर्चा एका ठिकाणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

कादंबरीची पहिली आवृत्ती ठरवताना प्रकाशक, वर्ष आणि मुद्रणाची नोंद पाहिली की बहुधा काम भागते. शोधनिबंधाचे तसे नसते. तो आधी सभेत वाचला जातो, मग संस्थेच्या नियतकालिकात छापला जातो, लेखकाला मित्रांत वाटण्यासाठी काही सुट्या प्रती काढून मिळतात (त्यांनाच विक्रेते ऑफप्रिंट म्हणतात), परदेशी मासिके त्याचे भाषांतर देतात आणि काही वर्षांनी तोच मजकूर ग्रंथरूपाने येतो. फॅरेडेचेच पाहा. विद्युतचुंबकीय प्रवर्तनावरील त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे २४ नोव्हेंबर १८३१ रोजी वाचला गेला आणि ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’च्या १८३२ च्या खंडात पृष्ठ १२५ ते १६२ वर छापला गेला. ‘एक्सपेरिमेंटल रिसर्चेस इन इलेक्ट्रिसिटी’ हा तीन खंडांचा ग्रंथ मात्र १८३९, १८४४ आणि १८५५ असा सावकाश निघाला. विक्रेत्यांच्या याद्यांत या ग्रंथापुढे ‘पहिली आवृत्ती’ असे ठळकपणे लिहिलेले असते. ग्रंथापुरते ते खरे आहे, पण शोध पहिल्यांदा छापला गेला तो कागद हा नव्हे. शिवाय पहिला खंड १८४९ मध्ये पुन्हा निघाला असल्यामुळे संच घेताना तिन्ही शीर्षकपानांवरची वर्षे स्वतंत्रपणे तपासून घ्यावीत.

माझे मत आधीच सांगून टाकतो : घ्यायचा तर नियतकालिकाचा अख्खा खंड घ्यावा, कापून काढलेली पाने घेऊ नयेत. याचे एक कारण असे की खंडात निबंधाचे शेजारी दिसतात. व्होल्टाने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना कोमोहून २० मार्च १८०० रोजी लिहिलेले, विद्युत्‌घटमालेचे वर्णन करणारे पत्र ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या १८०० च्या खंडात आहे. त्याला शीर्षक इंग्रजी आणि मजकूर सगळा फ्रेंच. त्याच खंडात विल्यम हर्शलचे अवरक्त किरणांवरील निबंधही आहेत. एका वर्षी एका संस्थेच्या टेबलावर या दोन गोष्टी आल्या होत्या, हे सुटी पाने हातात घेऊन कधीच कळणार नाही. दुसरे कारण सरळ आहे. सुट्या पानांना गिऱ्हाईक मिळत राहिले तर चांगले खंड फोडले जात राहतील.

नवख्या संग्राहकाला सर्वांत जास्त फसवते ते शीर्षकपानावरचे वर्ष. विद्युतभारांमधील बलाचा नियम पीळ-तराजूने दाखवणारा कूलॉमचा निबंध पॅरिसच्या अकादमीच्या ‘१७८५ च्या’ खंडात आहे, पण तो खंड छापून बाहेर पडला १७८८ मध्ये. अँपिअरचा विद्युतगतिकीवरील मोठा निबंध अकादमीच्या १८२३ च्या खंडात असला तरी तो खंड निघाला १८२७ मध्ये, आणि तोच सिद्धांत मांडणारे पुस्तक त्याआधी, १८२६ मध्येच, विक्रीला आले होते. याहून गमतीची गोष्ट नोबिली आणि अँटिनोरी या दोन इटालियन शास्त्रज्ञांची आहे. फॅरेडेने आपल्या शोधाची बातमी पत्राने पॅरिसला कळवली, ती तिथे डिसेंबर १८३१ मध्ये अकादमीत वाचली गेली, आणि त्यावरून या दोघांनी प्रयोग करून स्वतःचा निबंध लिहिला. तो ३१ जानेवारी १८३२ चा आहे. पण ज्या ‘अँतोलोजिया’ मासिकात तो आला, त्याचा रखडलेला अंक नोव्हेंबर १८३१ या तारखेचा होता. अंकावरची तारीख वाचणाऱ्याला वाटावे की इटलीतला शोध आधीचा आणि फॅरेडेचा नंतरचा! फॅरेडेला याचा मनस्ताप झाला, आणि तो होणारच होता. अशा ठिकाणी निबंधाखालची तारीख, अंकावरची तारीख आणि प्रत्यक्ष छपाईची तारीख अशा तिन्ही वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.

जाणकारांनी भर घालावी.

———

प्रतिसाद : शिळाप्रेस

धागा आवडला, पण खंडाबाबतचा आपला आग्रह मला पूर्णपणे मान्य नाही. नियतकालिकाचा खंड संस्थेने छापला, वर्गणीदारांना पाठवला आणि तो कुठल्या तरी ग्रंथालयाच्या कपाटात गेला. सुटी प्रत लेखकाने स्वतः मागून घेतलेली असते आणि ती कोणाला द्यायची हेही त्याने ठरवलेले असते. तिच्या वरच्या कोपऱ्यात लेखकाच्या हस्ताक्षरात दोन शब्द असले, तर कोणाचे विचार कोणापर्यंत पोचले याचा तो पुरावाच असतो. गॅल्व्हानीचा बेडकाच्या स्नायूंवरील निबंध बोलोन्याच्या अकादमीच्या सातव्या खंडात १७९१ मध्ये आला. त्याच्या सुट्या प्रती अत्यंत दुर्मिळ आहेत आणि बाजारात सामान्यतः दिसते ती १७९२ ची मोदेनाची आवृत्ती, जिला त्याचा भाचा आल्दिनी याच्या टिपांची जोड आहे. आता सुटी प्रत आणि खंड यांतून निवडायची वेळ आली तर मी सुटी प्रतच निवडीन. ती वेळ माझ्यावर येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि काही निबंधांना खंडच नाही. ओर्स्टेडने तारेतील प्रवाहामुळे चुंबकसूची हलते हे सांगणारे चार पानी लॅटिन पत्रक २१ जुलै १८२० या तारखेने कोपनहेगनमध्ये छापून घेतले आणि युरोपभरच्या विद्वानांना व संस्थांना टपालाने पाठवले. ते कोणत्याही मासिकाचा भाग नव्हते. जॉर्ज ग्रीनचा वीज व चुंबकत्वाच्या गणिती सिद्धांतावरील निबंधही तसाच. पिठाची गिरणी चालवणाऱ्या या माणसाने तो १८२८ मध्ये नॉटिंगहॅममध्ये वर्गणीदार जमवून स्वतः छापला. वर्गणीदार पन्नासच्या आसपास होते आणि त्यांतल्या बहुतेकांना त्यातले गणित कळले असण्याचा संभव कमीच. पुढे १८४५ मध्ये विल्यम थॉमसनच्या हाती प्रत लागली आणि त्याने तो क्रेलेच्या जर्मन नियतकालिकात १८५० पासून हप्त्याहप्त्याने पुन्हा छापवला, तेव्हा जगाला ग्रीन ठाऊक झाला. इथे ‘पहिली छपाई’ आणि ‘वाचली गेलेली छपाई’ यांत वीस-बावीस वर्षांचे अंतर आहे. संग्राहकाने क्रेलेचे ते खंड कमी दर्जाचे का मानावेत, असा माझा उलट प्रश्न आहे.

———

प्रतिसाद : खारावारा

ओर्स्टेडचे पत्रक आपल्यापैकी कोणाला मिळायचे नाही, पण त्या वर्षाचा धडाका थोडक्या पैशांत घरी आणता येतो. जिनेव्हात हा प्रयोग पाहून आलेल्या आरागोने ४ सप्टेंबर १८२० रोजी पॅरिसच्या अकादमीला बातमी दिली, ११ तारखेला प्रयोग करून दाखवला आणि १८ तारखेला अँपिअर आपले पहिले निष्कर्ष घेऊन उभा राहिला. ‘आनाल द शिमी ए द फिझिक’च्या चौदाव्या खंडात ओर्स्टेडचे फ्रेंच भाषांतर आहे. पंधराव्या खंडात अँपिअरचा निबंध आहे, प्रवाहाने लोखंड चुंबकित होते हे सांगणारी आरागोची नोंद आहे, आणि बिओ व सावार यांचे जेमतेम दोन पानांचे टिपण आहे. पाठ्यपुस्तकातील चार नावे आणि त्यांचे काम एका बांधणीत! हा खंड मोठ्या संख्येने छापला गेल्याने अजूनही बाजारात येतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी ओर्स्टेडचे भाषांतर ‘अ‍ॅनल्स ऑफ फिलॉसॉफी’च्या ऑक्टोबर १८२० च्या अंकात आहे.

———

प्रतिसाद : सातवीब

मी या विषयात नवा आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. हे सगळे निबंध संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळत असताना मूळ कागदासाठी पैसे का घालावेत?

———

प्रतिसाद : चौपत्री (धागाकर्ता)

सातवीब, प्रश्न अजिबात बाळबोध नाही आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की वाचण्यासाठी मूळ प्रत घ्यायची गरजच नाही. ‘ट्रान्झॅक्शन्स’ असो किंवा अकादमीचे खंड, सगळे पडद्यावर चांगले वाचता येते आणि मी स्वतः तसेच वाचतो. पण स्कॅन करणाऱ्यांनी काय गाळले ते मूळ प्रत पाहिल्याशिवाय कळत नाही. घडीची चित्रपाने अनेकदा न उलगडताच टिपलेली असतात, अंकांची कागदी वेष्टने आणि त्यांवरील जाहिराती बांधणीच्या वेळीच काढून टाकलेल्या असतात, आणि समासातील फिकट शिसपेन्सिलीच्या खुणा पांढऱ्या करून टाकलेल्या असतात.

गिल्बर्टचे ‘दे माग्नेते’ मी एका ग्रंथालयात हाताळले आहे. लंडनमध्ये १६०० मध्ये पीटर शॉर्टने छापलेले हे पुस्तक शोधनिबंध नव्हे, पण या विषयाचा प्रारंभ त्याच्यापासून मानतात. त्याच्या समासात लहान आणि मोठ्या चांदण्या छापलेल्या आहेत. गिल्बर्टने स्वतः केलेल्या प्रयोगांना आणि शोधांना त्यांच्या महत्त्वाप्रमाणे लहान-मोठी चांदणी दिली आहे. जे इतरांकडून घेतले, त्याला चांदणी नाही. दुसरीकडे लाकडी ठशाचे एक चित्र आहे : लोहार ऐरणीवर तापलेली सळई ठोकतो आहे, सळईच्या एका टोकाकडे ‘सेप्टेंट्रिओ’ म्हणजे उत्तर आणि दुसरीकडे ‘ऑस्टर’ म्हणजे दक्षिण असे छापलेले आहे, कारण उत्तर-दक्षिण धरून ठोकलेले लोखंड चुंबक होते हे त्याला दाखवायचे आहे. जाड कागदावर ठशाचा दाब बोटाला जाणवतो. काही प्रतींत छपाईच्या चुका शाईने हाती दुरुस्त केलेल्या आहेत आणि त्या छापखान्यातूनच झाल्या असाव्यात, असे सिल्व्हेनस थॉम्पसनने नोंदवले आहे. अशी प्रत घेणे आपल्या आवाक्यातले नाही. परंतु थॉम्पसनच्या पुढाकाराने गिल्बर्ट क्लबने १९०० मध्ये इंग्रजी भाषांतर मूळ पुस्तकाच्याच थाटात, चिजविक प्रेसकडून, फक्त २५० प्रतींत छापून घेतले. ते कधीमधी विक्रीला येते आणि मला ते मूळ पुस्तकाच्या खालोखाल आवडते. स्टेटिनच्या १६२८ आणि १६३३ च्या लॅटिन आवृत्त्यांना विक्रेते कधी कधी ‘जुनी, दुर्मिळ’ एवढेच म्हणून वर्ष बारीक अक्षरांत लिहितात, तेवढे पाहावे.

शिळाप्रेस यांचा सुट्या प्रतींचा मुद्दा मान्य आहे. माझा आक्षेप कापलेल्या पानांना सुटी प्रत म्हणून विकण्यावर आहे. त्यावर सविस्तर लिहीन.

———

प्रतिसाद : आलिबागकर

परदेशातल्या प्रतींची चर्चा चालू आहे तर आपल्या दारातली गोष्टही सांगतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित निरीक्षणे होत असत आणि ती ‘मॅग्नेटिकल अँड मीटिऑरॉलॉजिकल ऑब्झर्व्हेशन्स’ या नावाने सरकारी खंडांतून छापली जात. दिसायला ते आकड्यांचे रकाने आहेत आणि रद्दीवाल्याला त्यात काहीच रस नसतो. पण १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळात कुलाब्याच्या निरीक्षकांनी डोळ्याने वाचून टिपलेल्या नोंदींत क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे दिसते, आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मोजली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडतील म्हणून १९०४ मध्ये आमच्या अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली आणि आजही ती चालू आहे. वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील सगळ्या निरीक्षणांचा ऊहापोह करणारे दोन भाग १९१० मध्ये मुंबईत छापून प्रसिद्ध केले. वीज आणि चुंबकत्वाच्या संग्रहात या दोन भागांना मी मॅक्सवेलच्या शेजारी जागा देईन. त्यावर कोणी हसले तर हसू दे.

याच ओघात जगदीशचंद्र बोस. स्फटिकांतून जाणाऱ्या विद्युतलहरींच्या ध्रुवीकरणावरचा त्यांचा पहिला निबंध लंडनच्या नव्हे, तर कोलकात्याच्या ‘जर्नल ऑफ द एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगाल’मध्ये १८९५ मध्ये आला. परदेशी याद्यांत त्यांचे रॉयल सोसायटीतले निबंध आधी दाखवलेले दिसतात.

साठवणुकीबद्दल थोडेसे. १८२० च्या आसपासचा चिंध्यांपासून केलेला कागद कणखर असतो. त्याला किनारपट्टीवर धोका बुरशीचा आणि कसरीचा. १८८० नंतरच्या लाकडाच्या लगद्याच्या कागदाचे उलटे आहे, तो हवेनेच पिवळा आणि ठिसूळ होतो. हर्ट्‌झचे विद्युतलहरींवरचे निबंध असलेले ‘आनालेन’ या जर्मन नियतकालिकाचे १८८७-८८ चे अंक उघडताना पानाचा कोपरा हातात येऊ शकतो. पुस्तके प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधू नयेत, भिंतीला टेकवू नयेत आणि पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडून पाहावे. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नयेत.

———

प्रतिसाद : दस्तरखाना

कायद्याची बाजू. भारतात १९७२ च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्यानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे, किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित, अभिलेख किंवा दस्तऐवज पुरातन वस्तूत मोडतात आणि त्यांची खाजगीरीत्या निर्यात करता येत नाही. वर उल्लेख झालेले वेधशाळेचे खंड किंवा एखाद्या शास्त्रज्ञाचे हस्ताक्षर असलेली प्रत परदेशस्थ नातेवाइकाला भेट म्हणून पाठवण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी. बाहेरून मागवताना पावतीवर ‘छापील पुस्तक’, मुद्रणाचे वर्ष आणि खरी किंमत स्पष्ट लिहून घ्यावी. किंमत कमी दाखवण्याची विक्रेत्याची सूचना नम्रपणे नाकारावी, कारण पुडके गहाळ झाले तर विमाही तेवढ्याचाच मिळतो.

———

प्रतिसाद : शिळाप्रेस

आलिबागकर, मूस यांच्या भागांची नोंद केली. मॅक्सवेलच्या शेजारची जागा द्यायला माझीही हरकत नाही, पण मग मॅक्सवेलचे काय घ्यायचे हे ठरवावे लागेल. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे हे मांडणारा त्याचा मोठा निबंध ‘ट्रान्झॅक्शन्स’च्या १८६५ च्या खंडात पृष्ठ ४५९ पासून आहे, आणि ‘ट्रिटाइज’ हा दोन खंडांचा ग्रंथ १८७३ चा, ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसचा. लोक ग्रंथ घेतात, कारण तो दिसायला देखणा आहे. मी १८६५ चा खंड घेईन. इथे मी चौपत्री यांच्या बाजूला आलो, हे मान्य.

फ्रँकलिनबद्दल कोणी बोलले नाही म्हणून एक सूचना. लंडनमधील मित्र कॉलिन्सनला लिहिलेली त्याची विजेवरील पत्रे लंडनमध्ये १७५१, १७५३ आणि १७५४ अशा तीन भागांत निघाली आणि पृष्ठांक सलग ठेवले गेले. पुढे पहिला भाग पुन्हा छापला गेल्याने एकाच बांधणीत दुसऱ्या आवृत्तीचा पहिला भाग आणि पहिल्या आवृत्तीचे पुढचे भाग अशी सरमिसळ सर्रास दिसते. प्रत्येक भागाचे शीर्षकपान वेगळे पाहावे.

———

प्रतिसाद : चौपत्री (धागाकर्ता)

आता कापलेल्या पानांविषयी. परदेशातील एका विक्रेत्याने मला फॅरेडेच्या १८३१ च्या निबंधाची ‘लेखकाची सुटी प्रत’ म्हणून छायाचित्रे पाठवली होती. निळ्या कागदाचे नवे वेष्टन, वर छापील चिठ्ठी, आणि आत पृष्ठ १२५ ते १६२. किंमत सुट्या प्रतीची. मी त्याच्याकडे आणखी तीन छायाचित्रे मागितली : शिवणीकडची कड, पहिल्या पानाचा तळ आणि चित्रपानाची मागची बाजू.

शिवणीकडच्या कडेला जुन्या शिलाईची भोके दिसली आणि त्यांच्या शेजारी सरसाचा ओघळ होता. म्हणजे हे कागद कधी तरी जाड खंडात शिवलेले होते. पानाच्या तळाचे गणित याहून सोपे आहे. चौपत्री फर्म्यात (म्हणजे दोनदा दुमडून चार पाने केलेल्या छापील कागदात) आठ पृष्ठे असतात, त्यामुळे फर्मे पृष्ठ १, ९, १७ असे सुरू होतात आणि या हिशोबाने एक फर्मा १२१ ला व पुढचा १२९ ला सुरू होतो. पृष्ठ १२५ फर्म्याच्या ऐन मध्यावर येते. छायाचित्रात १२९ च्या तळाशी फर्म्याचे अक्षर होते आणि १२५ च्या तळाशी काहीच नव्हते. लेखकासाठी वेगळी छपाई केली असती, तर मांडणी नव्याने करून निबंध फर्म्याच्या पहिल्या पानापासून सुरू केला असता आणि बहुधा त्याला स्वतःचे शीर्षकपानही दिले असते. चित्रपानाच्या मागे ग्रंथालयाचा पुसट शिक्का होता, तो वर्णनात नव्हता.

मी हे सगळे त्याला लिहून कळवले. त्याने किंमत निम्मी केली, वर्णन मात्र बदलले नाही. मी पाने घेतली नाहीत.

सुट्या प्रतीलाही मूळ खंडाचेच पृष्ठांक असू शकतात, त्यामुळे केवळ पृष्ठांकावरून निर्णय देऊ नये. शिलाईची भोके, फर्म्याचे अक्षर, पहिल्या पानाच्या मागे दुसऱ्या निबंधाचा मजकूर आहे का, आणि शेवटच्या पानानंतर कोरा कागद आहे की कापलेली कड, ही चारही उत्तरे एकत्र पाहावीत.

सातवीब, आपण सुरुवात करणार असाल तर ‘आनाल’चा पंधरावा खंड शोधा. चित्रपाने शाबूत असल्याची लेखी खात्री मागा आणि विक्रेत्याने वर्णनात दिलेली पाने संकेतस्थळावरील स्कॅनशी एकेक करून जुळवून पाहा. बांधणी जुनी, थोडी सैल असली तरी चालेल. नव्या चामड्याच्या चकचकीत बांधणीपेक्षा ती बरी, कारण नवी बांधणी करताना कडा पुन्हा छाटतात आणि समास कायमचा जातो.